पुरात बुडालेली गाडी: पहिला सेल मारण्याआधीची सगळी कामं

पाणी ओसरतं, गाडीवरचा चिखल निथळतो आणि कुणीतरी म्हणतं, "एकदा सेल मारून बघूया, लागली तर लागली." गाडीचं खरं नुकसान बहुतेक वेळा या वाक्यानंतर होतं. बंद अवस्थेत बुडालेल्या इंजिनात पाणी शिरलं तरी ते नुसतं साठून राहतं. आतले भाग लगेच मोडत नाहीत. मोडतात ते इंजिन फिरवल्यावर.

कारण अगदी साधं आहे. हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या, कॉम्प्रेशन ११ ला १ (पिस्टन वर येताना सिलिंडरमधली जागा अकरापट कमी होते). पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरते जेमतेम ३० मिलिलिटर जागा. साडेबाराशे सीसीच्या डिझेलमध्ये कॉम्प्रेशन १७ ला १ च्या आसपास, म्हणजे जागा उरते सुमारे २० मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचे चार चमचे पाणी डिझेलच्या एका सिलिंडरमध्ये असलं तरी पिस्टनला वर जायला जागा नाही. नुसत्या सेलने इंजिन अडकून थांबलं तर नशीब. पण शेजारचा कोरडा सिलिंडर पेटला, तर त्याच्या जोराने अडकलेल्या पिस्टनचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकतो. म्हणून "थोडासाच सेल मारला" याला काही अर्थ नाही.

खाली दिलेला क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक कामं करतात तीच, पण उलटसुलट करतात.

## आधी ठरवा: तुमची गाडी कोणत्या गटात आहे

गट अ. गाडी बंद उभी होती आणि बुडाली. कृष्णा-पंचगंगेच्या पुरात दारात, गल्लीत, पार्किंगमध्ये राहून गेलेल्या बहुतेक गाड्या या गटातल्या. रॉड वाकलेला नसतो, मात्र पाणी दिवसच्या दिवस साचून राहिल्यामुळे गाळ आणि गंज जास्त.

गट ब. गाडी पाण्यातून चालवताना बंद पडली. मुंबईतले सबवे, पुण्यातले नाल्याकाठचे रस्ते. पाणी फुटभरच असेल, सीट कोरडी असेल, तरी रॉड वाकलेला आहे असं धरूनच चाला. तो सरळ आहे हे आधी सिद्ध करायचं, मग पुढे जायचं.

गट क. गाडी पाण्यातून गेली, बंद पडली नाही, पण ओढत नाही किंवा वेगळा आवाज येतो. बाजूला घ्या, बंद करा आणि टप्पा ४ पासून वाचा. "घरी पोहोचेपर्यंत चालवतो" नको.

आणि पाणी कसलं होतं तेही पाहा. नदीच्या पुराचं पाणी गाळ ठेवतं, शहरातल्या पाण्यात सांडपाणी असतं. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी मिसळलं असेल तर ते खारं, आणि खाऱ्या पाण्यात वायरिंग आणि अॅल्युमिनियमचे भाग फार लवकर खराब होतात. अशा वेळी खालच्या कामांना एक दिवसाचाही उशीर करू नका.

## टप्पा १: पाणी यायच्या आधी, वेळ असेल तर

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. आपल्या गल्लीत पाणी कितव्या फुटाला येतं हे जुन्या शेजाऱ्यांना बरोबर ठाऊक असतं. इशारा पातळीलाच गाडी उंचावर न्या. धोका पातळीला रस्तेच बंद होतात.

गाडी हलवणं शक्यच नसेल तर:

1. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा.
2. एअर फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडावर जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून रबराने घट्ट बांधा. सायलेन्सरच्या तोंडालाही तसंच.
3. टाकीत इंधन भरलेलं असेल तर बरं. रिकाम्या जागेत पाणी शिरतं आणि हलकी गाडी तरंगून भिंतीला आपटते.
4. हँडब्रेक ओढू नका. भिजलेले ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा.
5. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा.

सावधान: पिशव्या बांधल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला लटकवा. नंतर गाडी दुसऱ्याच कुणाच्या हातात पडते.

## टप्पा २: पाणी ओसरल्यावरचा पहिला तास

हातमोजे आणि गमबूट घाला. पुरानंतर बोनेटखाली आणि सीटखाली साप-विंचू आसऱ्याला येतात, म्हणून काठीने चाचपूनच हात घाला. पायाला जखम असेल तर त्या चिखलात उतरू नका. पार्किंग तळघरात असेल तर इमारतीची वीज बंद असल्याची खात्री करून मगच आत जा.

1. चावी लावू नका. इग्निशन "ऑन" करून काटे हलतात का पाहणं हीसुद्धा चूकच आहे. ओल्या कंट्रोल युनिटमधून (गाडीच्या कॉम्प्युटरमधून) करंट गेला की ते जळतं. तेच कोरडं करून मग चालू केलं तर अनेकदा वाचतं. बटण स्टार्टची गाडी असेल तर रिमोट चावी घरात ठेवा.
2. फोटो आणि व्हिडिओ काढा. बाहेरून नंबरप्लेटसकट चारही बाजू, दारावर आणि डॅशबोर्डवर उमटलेली पाण्याची रेघ, सीट, डिकी, बोनेट उघडून इंजिन. एखादा फोटो इंजिनजवळ टेप किंवा काठी धरून घ्या, पाणी किती उंच आलं ते दिसतं.
3. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा, मग पॉझिटिव्ह. बॅटरी बाहेरच काढून ठेवलेली चांगली.
4. गाडीखालचा चिखल कडक व्हायच्या आत साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. इंजिनच्या खोलीत प्रेशर वॉशर मारू नका. पुराने जिथे पाणी नेलं नाही तिथे प्रेशर वॉशर नेतो.

सावधान: हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर इथेच थांबा. नारिंगी केबलना हात लावू नका, गाडी उघड्यावर, घरापासून दूर ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा. खालचे टप्पे त्या गाड्यांसाठी नाहीत. सीएनजीचा वास आला तरी तसंच: लांब व्हा. सिलिंडर आणि रेग्युलेटर अधिकृत केंद्रात तपासून घेतल्याशिवाय गॅसवर गाडी चालवू नका.

## टप्पा ३: विम्याचं काम आणि गाडी हलवणं

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि याच टप्प्यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराचं काहीच मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर असेल तर पूर त्यात येतो. पण साध्या कव्हरमध्ये "पाणी शिरल्यानंतर इंजिन चालवल्यामुळे झालेलं नुकसान" वगळलेलं असतं. वाकलेला रॉड नेमका त्याच खात्यात टाकला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जोडकव्हर लागतं, आणि त्यातही ताबडतोब कळवणं, पुन्हा सुरू करायचा प्रयत्न न करणं अशा अटी असतात. पॉलिसीची प्रत उघडून तेवढं पान आधी वाचा.

1. त्याच दिवशी क्लेम नोंदवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या.
2. पूर मोठा असेल तर सर्व्हेअर (नुकसान पाहायला येणारा माणूस) यायला दिवस लागतात. तेवढे दिवस इंजिन तसंच ठेवलं तर सिलिंडर आणि रिंगांवर गंज चढतो. म्हणून कंपनीला ईमेल करा: "आणखी नुकसान टाळण्यासाठी बॅटरी काढणे, ऑईल सोडणे व प्लग काढणे एवढंच करत आहे, इंजिन सुरू केलेले नाही." सोबत फोटो जोडा. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीधारकाची जबाबदारीच असते, तरी लेखी असलेलं बरं.
3. काढलेला कोणताही भाग, अगदी भिजलेला एअर फिल्टरसुद्धा, सर्व्हे होईपर्यंत फेकू नका. सोडलेलं ऑईल बाटलीत भरून ठेवा.
4. अंदाजपत्रक वाचताना दोन गोष्टी पाहा. इंजिन ऑईल, कूलंट यांसारख्या गोष्टींचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. आणि रबर, प्लॅस्टिक, बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, झीरो डेप्रिसिएशनचं जोडकव्हर नसेल तर.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. माझं मत विचाराल, तर गाडी बीएस ६ असेल आणि पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं असेल, तर टोटल लॉससाठीच आग्रह धरा. इंजिन सुधारेल, पण वायरिंगच्या तक्रारी वर्षभर एकामागून एक निघत राहतात. जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल गाडीची गोष्ट वेगळी. त्यात इलेक्ट्रॉनिक्स फारसं नाही, ती मन लावून साफ केली तर पुन्हा चालते.

गाडी हलवताना: सगळ्यात चांगली फ्लॅटबेड. दोरीने ओढायची वेळ आली तर मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा. गिअरमध्ये राहिली तर चाकं इंजिन फिरवतात, म्हणजे सेल न मारताही तेच झालं. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढू नका. इलेक्ट्रिक हँडब्रेक बॅटरीशिवाय सुटत नाही, क्रेनवाल्याला आधीच सांगा. धक्का मारून सुरू करण्याचा विचारसुद्धा नको.

## टप्पा ४: पाणी कुठपर्यंत गेलं ते शोधणं

अजून काहीही फिरवायचं नाही. फक्त बघायचं.

1. एअर फिल्टर. डबा उघडा. फिल्टर कोरडा आणि डब्यात गाळ नाही, तर हवेच्या वाटेने पाणी गेलेलं नसण्याची शक्यता मोठी. फिल्टर ओला किंवा चिखलाने माखलेला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी आहे असं धरा. फिल्टर सुकून गेला असेल तर डब्याच्या तळाशी गाळाची रेघ शोधा.
2. ऑईलची पट्टी. ऑईल वरच्या खुणेच्या वर गेलंय? दुधाच्या चहासारखा रंग आलाय? पाणी मिसळलं आहे. पण पट्टीवर ऑईल स्वच्छ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. न फिरवलेल्या इंजिनात पाणी ऑईलपेक्षा जड असल्यामुळे चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याच्या) तळाशी बसतं आणि वर चांगलं ऑईल तरंगतं. पातळी वाढली आहे का, ते बघायचं.
3. टर्बो असेल तर इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी. तो बहुतेक गाड्यांत खालच्या बाजूला असतो आणि त्याच्या तळात पाणी साठून राहतं. सिलिंडर कोरडे केले, इंटरकूलर विसरला आणि सुरू केल्यावर तेच पाणी आत ओढलं गेलं, असं होऊ शकतं. पाइप काढून उलटा करून निथळवा.
4. गिअरबॉक्स. त्याला हवेसाठी बारीक ब्रीदर असतो, तिथून पाणी जातं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शिअललाही तसाच ब्रीदर असतो.
5. टाकी. पाणी टाकीच्या झाकणाच्या वर गेलं असेल तर इंधनात पाणी आहे असं समजा. ते तळाशी बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये आणखी एक भानगड आहे: इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं आणि दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर करतात. वरून नवं पेट्रोल ओतून हे जात नाही, टाकी उतरवून रिकामीच करावी लागते.

तपासणी: गाडी गट अ मधली, पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच आलं, फिल्टर कोरडा, ऑईलची पातळी जागेवर? मग टप्पा ५ मधलं ऑईल बदलणं, टप्पा ७ आणि शेवटी ब्रेकचं काम करा. टप्पा ६ ची गरज बहुधा नाही.

## टप्पा ५: ऑईल सोडणं

चेंबरचा बोल्ट हळूहळू सैल करा. आधी जे येईल ते नीट पाहा. स्वच्छ पाणी आधी आलं आणि मागून काळं ऑईल आलं, तर ही चांगली बातमी आहे: पाणी मिसळलेलं नाही, म्हणजे पाण्यासकट इंजिन कुणी फिरवलेलं नाही. सुरुवातीपासूनच दुधाळ आलं तर इंजिन फिरलेलं आहे. तुम्ही नाही तर कुणीतरी सेल मारलाय. घरात विचारा, रागावू नका, कारण खरं उत्तर मिळणं आता महत्त्वाचं आहे. गाडी मग गट ब मध्ये गेली.

फिल्टर काढा. रात्रभर बोल्ट उघडा ठेवून निथळू द्या. नवीन फिल्टर बसवून गाडीच्या ग्रेडच्या जवळचं स्वस्त ऑईल भरा. हे फक्त धुण्यासाठी आहे, महागडं सिंथेटिक इथे वाया घालवू नका. कूलंटची यंत्रणा बंद असते, तिच्यात पुराचं पाणी सहसा जात नाही, पण रेडिएटरच्या जाळीत अडकलेला गाळ मऊ धारेने काढा, नाहीतर पहिल्याच फेरीत इंजिन तापेल.

गिअरबॉक्सचं ऑईलही याच वेळी सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं असेल तर नुसतं तेल बदलून भागेलच असं नाही. आतल्या घर्षण प्लेटवरचं अस्तर पाण्याने सुटतं. ते जाणकाराकडेच न्या.

## टप्पा ६: सिलिंडर मोकळे करणं आणि हाताने फिरवणं

सगळ्या लेखातला हा मुख्य टप्पा. इथे घाई करायची नाही.

६.१ प्लग काढण्याआधी प्लगच्या विहिरी साफ करा. पेट्रोल इंजिनात प्लग खोल खड्ड्यात असतात आणि बुडालेल्या गाडीत ते खड्डे गाळाने भरलेले असतात. तसाच प्लग काढला की सगळा गाळ सिलिंडरमध्ये. आधी कॉइल काढा, खड्ड्यातलं पाणी सिरिंजने ओढा, हवेने फुंका, मग प्लग सोडवा. अनेक गॅरेजमध्ये हे केलं जात नाही, म्हणून उभं राहून करवून घ्या.

६.२ डिझेलमध्ये हीटर प्लग किंवा नोझल काढावे लागतात. जुने हीटर प्लग तुटतात आणि तुकडा हेडमध्ये अडकतो. नोझलखालचे तांब्याचे वायसर दर वेळी नवीन लागतात. हे घरी करायचं काम नाही.

६.३ सगळे प्लग निघाल्यावरच क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना आणि रॅचेट लावा आणि हाताने फिरवा. बहुतेक गाड्या पुलीकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरतात, काही जुनी इंजिनं उलटी. आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहा. उलट दिशेने जोर लावला तर पुलीचा बोल्ट सुटू शकतो.

६.४ पूर्ण दोन फेऱ्या. एका फेरीत प्रत्येक व्हॉल्व्ह उघडत नाही, चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होतं. प्लगच्या भोकातून पाणी बाहेर येईल.

सावधान: पान्याला पाइप जोडून जोर लावू नका. प्लग काढलेले असूनही इंजिन हलत नसेल तर रिंगा गंजून धरल्या आहेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं गंज सोडवणारं तेल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सोडा, दिवसभर थांबा आणि मग दोन्ही बाजूंना अगदी हलकं हलकं हलवा. तरीही नाही, तर हेड उतरवायलाच हवं.

६.५ रॉड तपासा. गट ब साठी हे सक्तीचं. प्लगच्या भोकातून लाकडी किंवा प्लॅस्टिकची सरळ काडी सोडा आणि पिस्टन पूर्ण वर आल्यावर काडीवर खूण करा. सगळ्या सिलिंडरच्या खुणा एकसारख्या हव्यात. एकाची काडी जास्त आत जात असेल तर तो पिस्टन पूर्ण वर येत नाही, म्हणजे रॉड वाकला आहे. भोक तिरकं असेल तर या मोजमापावर भरवसा नको, बारीक कॅमेरा सोडून सिलिंडरची भिंत बघा. नंतर कॉम्प्रेशन मोजायचंच आहे.

थोडासा वाकलेला रॉड फसवा असतो. गाडी सुरू होते, चालते, नुसती किंचित थरथरते. कधीतरी, बहुधा महामार्गावर, तो तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. मग रॉडच्या किमतीऐवजी पूर्ण इंजिनची किंमत मोजायची.

६.६ प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ इंजिन ऑईल सोडा आणि पुन्हा हाताने दोन फेऱ्या द्या. आता भिंतींवर तेलाचा थर आहे, पुढच्या कामांना थोडा वेळ लागला तरी चालेल.

## टप्पा ७: वायरिंग, सेल मोटर, अल्टरनेटर

सेल मारण्याआधी वीज, आणि वीज जोडण्याआधी वायरिंग. हा क्रम उलटा झाला की कंट्रोल युनिट जातं.

1. फ्यूज बॉक्स उघडा. गाळ असेल तर साध्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर.
2. बोनेटखालचे आणि सीटखालचे कपलर (वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे जोड) एकेक करून सोडवा, साफ करा, कमी दाबाच्या हवेने सुकवा. सोडवण्याआधी फोटो काढा. हिरवट पावडर दिसली तर पिन गंजायला लागलीय.
3. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. बॅटरी काढलेली असली तरी त्यांना हात लावू नका. एअरबॅगचं कंट्रोल युनिट अनेक गाड्यांत गिअरच्या खाली, मधोमध जमिनीवर असतं, त्यामुळे गालिचा भिजला की ते भिजतं. तपासणी प्रशिक्षित माणसाकडून.
4. इंजिनचं कंट्रोल युनिट काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. सीलबंद असेल तर स्वतः उघडू नका. भट्टीत, ओव्हनमध्ये वगैरे तापवू नका.
5. सेल मोटर आणि अल्टरनेटर उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे साफ करून घ्या. गाळ राहिला तर बेअरिंग आणि ब्रश काही दिवसांतच बसतात.

आतल्या गालिच्याबद्दल एवढंच: वरून सुकवू नका, सीट काढून गालिचा बाहेरच काढा. त्याखालचा फोम आठवडेभर पाणी धरून ठेवतो आणि वायरिंगचा जाड जुडगा त्याच्याच खालून जातो.

## टप्पा ८: इंधनाशिवाय सेल

प्लग अजूनही काढलेलेच.

1. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. कॉइल आणि इंजेक्टरचे कपलर सोडलेले ठेवा.
2. चार्ज केलेली चांगली बॅटरी जोडा. जोडताना पॉझिटिव्ह आधी. ठिणगी, धूर, जळका वास आला तर लगेच काढा.
3. प्लगच्या भोकांसमोर कुणीही उभं राहू नये. उरलेलं पाणी आणि तेल फवाऱ्यासारखं जोरात बाहेर येतं.
4. पाच-पाच सेकंदांचे तीन-चार सेल मारा, मध्ये मिनिटभर थांबा. फवारा बंद होईपर्यंत.
5. आता कॉम्प्रेशन मोजा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. मात्र आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: सिलिंडर-सिलिंडरमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. एकच कमी आला तर पुन्हा ६.५ कडे जा.

तपासणी: चारही सारखे आले तरच पुढे. "बाकी तीन चांगले आहेत, चालू केल्यावर सेट होईल" असं मेस्त्री म्हणाला तर गाडी दुसरीकडे न्या.

## टप्पा ९: इंजिन सुरू करणं आणि धुणं

नवीन प्लग, नवीन एअर फिल्टर, नवीन फ्युएल फिल्टर. टाकीबद्दल शंका असेल तर ती साफ झालेली. डिझेलमध्ये फिल्टरखालच्या नळीतून पाणी सोडा.

1. सुरू करा आणि ऑईलच्या दिव्याकडे बघा. पाच सेकंदांत विझला नाही तर बंद.
2. अॅक्सिलरेटर दाबू नका. फक्त आयडलवर राहू द्या.
3. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि थेंब येतील. ते आत साचलेलं पाणी आहे, काही मिनिटांत कमी व्हायला हवं. वाफ थांबत नाही आणि कूलंटही कमी होतंय, तर हेड गॅस्केट तपासा.
4. ठोके ऐकू आले, एका लयीत टकटक असेल, तर बंद. तो रॉडचा किंवा बेअरिंगचा आवाज असू शकतो.
5. पाच-दहा मिनिटांनी बंद करून ऑईल सोडा. दुधाळ असेल तर पुन्हा स्वस्त ऑईल, पुन्हा फिल्टर, पुन्हा तेच. दोन-तीन वेळा लागतं. पैसे वाचवायला इथे एकदाच धुणारे फार. उरलेलं पाणी क्रँकच्या बेअरिंगवर तेलाचा थर टिकू देत नाही आणि दोन महिन्यांनी इंजिन ठोकायला लागतं.
6. स्वच्छ निघालं की योग्य ग्रेडचं ऑईल आणि फिल्टर घाला.

## रॉड गेला असेल तर

चेंबर आणि हेड उतरवल्याशिवाय खर्चाचा अंदाज मान्य करू नका. फक्त एक रॉड बदलून चालेल की नाही हे सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आहेत का आणि क्रँक सरळ आहे का यावर ठरतं. भंगार बाजारातलं जुनं इंजिन स्वस्त मिळतं, पण ते पुरातल्याच दुसऱ्या गाडीचं नाही ना, हे वर सांगितल्याप्रमाणे प्लग आणि चेंबर उघडून पाहा. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर पुढचा क्लेम आणि विक्री दोन्ही अडतात.

## रस्त्यावर आणण्याआधी आणि नंतर

ब्रेक आधी, मग फेरी. ड्रम उघडून गाळ काढा, ब्रेक ऑईल बदला (ते पाणी शोषून घेतं), चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस तपासा. पहिली फेरी गल्लीतच, हळू.

५०० किलोमीटरवर ऑईल आणि फिल्टर पुन्हा बदला, गिअर ऑईल सोडून रंग बघा. १००० किलोमीटरवर कॉम्प्रेशन परत मोजा आणि आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा. ते आकडे आणि सगळी बिलं एका फाइलमध्ये ठेवा. अल्टरनेटर, एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच, टेन्शनर पुली यांचे आवाज महिना-दोन महिन्यांनी सुरू होतात. नवा करकरता आवाज आला तर पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवा. जी खरखरते तिचं बेअरिंग बदलायचं.